तराजू आणि ताट

अलीकडे पुणे शहरात चार सुशिक्षित माणसे एकत्र जमली म्हणजे पूर्वी जेथे हवापाण्याची चौकशी होई, तेथे आता वजनाची होते. कोणी भात सोडलेला असतो, कोणी तूप. कोणी दिवसातून दोनदाच जेवतो, तर कोणी दर दोन तासांनी काही तरी तोंडात टाकतो. आणि प्रत्येकास आपलाच मार्ग तेवढा शास्त्रशुद्ध वाटतो. अन्न मोजून खाण्याचा व मोजून देण्याचा वाद पुण्यास नवा नाही. ह्या शहराने आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांनी ह्या विषयाच्या ज्ञानात जी भर घातली आहे, ती मात्र आमच्या नित्याच्या बोलण्यात फारशी येत नाही. तिची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील लक्षावधी लोक दुष्काळी कामांवर आले. त्यांस किती खावयास द्यावे, हा सरकारपुढे प्रश्न पडला. हिंदुस्थान सरकारने पाहणीसाठी पाठविलेले सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८७७ च्या जानेवारीत त्याचे उत्तर दिले. काम करणाऱ्या पुरुषास रोजी एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य आणि किरकोळ खर्चास थोडेसे पैसे एवढे पुरे, असे त्यांचे मत पडले. टेंपलसाहेब स्वभावतः क्रूर होते असे म्हणवत नाही. बिहारच्या १८७३-७४ च्या दुष्काळात त्यांनी सढळ हाताने खर्च करून माणसे वाचविली होती, आणि तेवढ्याचसाठी त्यांजवर उधळेपणाचा ठपका आला होता. तो धुऊन काढण्याची संधी त्यांस दख्खन आणि मद्रास येथील भुकेल्यांच्या ताटात सापडली, असे फार तर म्हणता येईल.

ही कपात मुंबई इलाख्यात लागू होताच हजारो मजूर कामे सोडून चालते झाले. त्यांची बाजू मांडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेने. १८७० साली निघालेली ही सभा तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, ह्यांच्या धडाडीने चालत होती. सभेने गावोगावची माहिती मिळविली, अर्ज लिहिले आणि एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा मनुष्य टिकाव धरू शकणार नाही, हे सरकारास परोपरीने सांगितले. तिकडे मद्रासेस आरोग्यखात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश ह्यांनी ह्याच प्रमाणावर कडाडून टीका केली. त्यांचा एक मुद्दा वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचाच धागा आम्हांस पुन्हा हाती धरावयाचा आहे. नुसत्या धान्याच्या वजनावरून आहार पुरेसा आहे की नाही हे ठरत नाही, त्याबरोबर डाळ, भाजी आणि इतर पोषक जिन्नसही पाहिले पाहिजेत, असे ते म्हणत होते. त्या वेळी अन्नातील उष्णांक मोजण्याची रीत रूढ झालेली नव्हती. अमेरिकेत अ‍ॅटवॉटर ह्यांनी त्या कामास पद्धतशीर रूप दिले ते पुढे १८९० नंतरच्या दशकात. आजच्या हिशेबाने टेंपलसाहेबांचे एक रत्तल धान्य सुमारे १६०० कॅलरींचे भरते.

आता मौज पाहा. वजन उतरविण्यासाठी आज पुण्यात घरोघर जे आहाराचे तक्ते भिंतीवर लागतात, त्यांत १२०० ते १५०० कॅलरींचे तक्ते सर्रास आढळतात. म्हणजे ज्या प्रमाणास सार्वजनिक सभेने उपासमार म्हटले, त्याहूनही कमी अन्न आम्ही आता खुशीने, आणि पुष्कळदा फी भरून, मागून घेतो! अर्थात खडी फोडणारा मजूर आणि खुर्चीवर बसून काम करणारा कारकून ह्यांची सरळ तुलना करणे न्यायाचे नव्हे. पहिल्याच्या अंगावर साठा नव्हता, दुसऱ्याच्या अंगावर तो गरजेपेक्षा अधिक आहे. आणि वैद्याच्या देखरेखीखाली असा आहार काही काळ घेणे कित्येकांस हितकारकही होते. पण दोन्ही ठिकाणी विचाराची चाकोरी एकच आहे: अन्नाचे वजन करा, माणसाचे वजन करा, आणि हिशेब जुळला की प्रश्न सुटला.

योगायोग असा की, टेंपलसाहेबांचे प्रमाण ठरण्यापूर्वी चौदाच वर्षे, १८६३ साली, लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या एका गृहस्थाने लठ्ठपणासंबंधी एक जाहीर पत्र छापून प्रसिद्ध केले होते. मोठमोठ्या घराण्यांतील अंत्यविधींची व्यवस्था करणे हा त्याचा धंदा. वैद्याच्या सल्ल्यावरून पाव, साखर, बटाटे, बिअर ही वर्ज्य करून आणि मांसावर भर देऊन आपण कसे हलके झालो, हे त्याने त्यात सांगितले. ते पत्र इतके खपले की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापदच बनले. भात-पोळी वर्ज्य करण्याचा जो मार्ग आज नव्या नावांनी विकला जातो, तो अशा रीतीने दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे.

पुण्यात मात्र त्या काळी बँटिंगचे अनुकरण करावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. दुष्काळ आणि पटकी ज्यांनी पाहिली त्या पिढ्यांस अंगावरील मांस ही ठेव वाटे. आमची भाषाच त्याची साक्ष देते. मूल ‘गुटगुटीत’ असावे, त्याने ‘बाळसे’ धरावे. मोठ्या माणसाची ‘तब्येत सुधारली’ म्हणजे तो जाड झाला. आणि सासरहून आलेली मुलगी ‘वाळली’ म्हणजे तिचा छळ होत असला पाहिजे! लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने अगदी किरकोळ होते, आणि पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस ठेवून व्यायामात व शरीर कमावण्यात घालविले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९२४ साली शिवरामपंत दामले ह्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्या सर्व खटाटोपामागे तरुणांनी बलवान व्हावे हा हेतू होता. बारीक होण्यासाठी व्यायाम ही कल्पना त्या मानाने फारच अलीकडची.

पुढे ह्याच टिळकांस मधुमेह जडला आणि १९०८ ते १९१४ ह्या मंडालेच्या बंदिवासात त्यांस खाण्यापिण्याचे कडक पथ्य पाळावे लागले. त्या पथ्यात जवास मोठे स्थान होते. आयुर्वेदाशी परिचय असणाऱ्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे. लोकांत निंद्य मानल्या गेलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल व अतिकृश ह्या दोघांचाही त्यात समावेश आहे, आणि ह्या दोघांचाच तेथे विस्ताराने विचार केलेला आहे. स्थूलाने जव, मूग, कुळीथ, ताक असे पदार्थ घ्यावे. पोटास जड लागेल परंतु शरीरास वाढविणार नाही असे अन्न त्यास योग्य. व्यायाम वाढवावा तो क्रमाक्रमाने. असा त्या उपदेशाचा आशय आहे. भूक भागावी पण मेद वाढू नये, ही त्यातील दृष्टी आजच्या आहारशास्त्रज्ञासही पटण्यासारखी आहे.

त्याच अध्यायात मधाचाही उल्लेख येतो, आणि येथेच एका लोकप्रिय समजुतीचे मूळ दिसते. सकाळी उठून कढत पाण्यात मध व लिंबू पिळून प्यावे म्हणजे चरबी ‘वितळते’, असे आज पुण्यातील निम्मी घरे मानीत असतील. ह्या प्रयोगास आयुर्वेदाचा आधार सांगण्यात येतो. परंतु मध तापवून अथवा उष्ण पदार्थांबरोबर घेऊ नये, असा तोच आयुर्वेद आग्रहाने निषेध करतो. आधुनिक शास्त्राचे म्हणाल तर मध ही बहुतांशी साखरच, आणि चरबी ही पेल्यातील पाण्याने वितळणारी वस्तू नाही. जुने व नवे अशी दोन्ही शास्त्रे ज्याच्या विरुद्ध साक्ष देतात, तो प्रयोग दोहोंच्या नावावर सुखाने चालला आहे.

महात्मा गांधींच्या आहारविषयक प्रयोगांचाही पुण्याशी निकटचा संबंध आहे. १९४२ साली आगाखान राजवाड्यात बंदिवान असता त्यांनी आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले. बैठे काम करणाऱ्या मनुष्याचा रोजचा आहार त्यात मापासह दिला आहे: गाईचे दूध दोन रत्तल, धान्य ६ औंस, पालेभाज्या ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस, गूळ अथवा साखर दीड औंस, शिवाय फळे. टेंपलसाहेबांच्या रत्तलभर धान्याशेजारी हे माप ठेवून पाहावे. येथे धान्य निम्म्याहून खाली आलेले आहे, आणि त्याची जागा दूध व भाजी ह्यांनी घेतली आहे. गांधीजींच्या सर्वच आहारमतांशी आम्ही सहमत आहोत असे नाही; मसाल्यांशी त्यांचे जे वैर होते ते आमच्या जिभेस मानवणारे नाही. पण ह्या यादीत वजनापेक्षा वाणास महत्त्व आहे, आणि ते डॉ. कॉर्निश ह्यांच्या मुद्द्याशी जुळते. सुटकेनंतर ताडीवाला रस्त्यावरील डॉ. दिनशा मेहता ह्यांच्या निसर्गोपचारगृहात गांधीजींचे वास्तव्य झाले, १९४६ साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, आणि लंघन, रसाहार, मातीच्या पट्ट्या ह्यांचा पुण्यातील सुशिक्षितांस परिचय झाला. आश्रमात पंधरवडा काढून हलके होऊन येणारे लोक आजही पुष्कळ आहेत. घरी परतल्यावर सहा महिन्यांनी त्यांचे वजन किती असते, हा प्रश्न विचारणे शिष्टाचारास धरून नसल्यामुळे कोणी विचारीत नाही.

ह्यानंतरच्या अर्धशतकात पुणे बदलले. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, तेथे पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाक्यांनी रस्ते भरून गेले; जात्याची जागा गिरणीने आणि उखळाची यंत्राने घेतली. शरीराचे कष्ट गेले आणि ताट मात्र कष्टकऱ्याचेच राहिले, किंबहुना त्यात साखर व तेल ह्यांची भर पडली. पोटे सुटू लागली आणि त्याबरोबर एखाद्या पदार्थास आरोपी करून पकडण्याची टूम निघाली.

पहिला आरोपी भात. त्याच्या जागी ज्वारीची भाकरी आली म्हणजे वजन उतरते, अशी समजूत आहे. वस्तुतः तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ह्यांपैकी कोणतेही धान्य घ्या, १०० ग्रॅम कोरड्या धान्यात सुमारे ३२० ते ३६० कॅलरीच असतात. भाकरीचे गुण निराळे आहेत. तिच्यात कोंडा असतो, ती चावून खावी लागते, लवकर पोट भरते. नाचणीत चुना भरपूर असतो. हे गुण खरे आहेत आणि पुरेसे आहेत. पण चार भाकऱ्या व त्यावर लोण्याचा गोळा खाऊन दोन मुदी भाताहून हलके होता येत नाही. गुळाचीही तीच गत. साखर विष आणि गूळ अमृत असे मानून चहात दुप्पट गूळ घालणाऱ्याच्या शरीरात उष्णांक जवळजवळ तेवढेच, किंवा अधिकच, जातात.

उपासाची कथा तर विशेषच रंजक आहे. एकादशीस धान्य वर्ज्य म्हणून आम्ही साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे खातो. बटाटा आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेतले. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच, आणि त्याचा धंदा तामिळनाडूतील सेलम भागात जमला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शास्त्रकारांनी ह्या पदार्थांस मना केले नाही, कारण त्यांनी ते पाहिलेच नव्हते! शुद्ध पिष्टाचे मोती तुपात परतून त्यावर दाण्याचे कूट घालणे, ह्यास लंघन म्हणणे धाडसाचे आहे. आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांस उष्णांक न मोजताही सत्य कळले होते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गाजलेला वाद म्हणजे किती वेळा जेवावे हा. डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या विचारांवरून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा उपदेश केला. उलट ऋजुता दिवेकर ह्यांनी थोडे थोडे, वरचेवर, आपल्या मातीतले आणि तूप न सोडता खावे, असे सांगितले. दोन्ही पक्षांस हजारो अनुयायी मिळाले आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसे दाखविता येतात. आमच्या मते ह्यातच वादाचे उत्तर आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांचे अन्न सारखेच कमी केले होते. एका गटाने ते सकाळी ८ ते दुपारी ४ ह्या वेळातच खावयाचे, दुसऱ्यास वेळेचे बंधन नव्हते. पहिल्या गटाचे सरासरी ८ किलो व दुसऱ्याचे ६.३ किलो वजन उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरणारा ठरला नाही. अमेरिकेत ६०९ जणांत स्निग्ध पदार्थ कमी करणारे आणि पिष्टमय पदार्थ कमी करणारे ह्यांची तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०१८ साली असाच निघाला: वर्षाअखेर एकीकडे ५.३ किलो, दुसरीकडे ६ किलो. मात्र प्रत्येक गटात कोणी पुष्कळ उतरले, तर कोणाचे वजन उलट वाढले. ज्यास जी शिस्त झेपते तिने त्याचा फायदा होतो. मधुमेहावर औषध घेणाऱ्याने मात्र वैद्यास विचारल्यावाचून जेवण चुकवू नये. तेथे रक्तातील साखर एकाएकी खाली जाण्याचे भय खरे आहे.

येथवर आम्ही वजनासंबंधी बोललो. पण वजन हेच खरे माप आहे काय? ह्या प्रश्नाचे जे उत्तर जगाने आज मान्य केले आहे, त्याचा मोठा भाग रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातून निघाला आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या ध्यानात आले की, पुण्यातील मधुमेही हा पाश्चात्त्य पुस्तकात वर्णिल्याप्रमाणे वयस्क व लठ्ठ असतोच असे नाही. तो पुष्कळदा तरुण आणि दिसण्यात सडपातळ असतो. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन ह्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे तराजूच्या भाषेत दोघेही सारखेच निरोगी. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज प्राध्यापकांच्या अंगी ती ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. ह्या एका छायाचित्राने जे काम केले ते दहा ग्रंथांनी झाले नसते. आमच्या देशात निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे, आणि कंबरेचा घेर पुरुषाने ९० व स्त्रीने ८० सेंटीमीटरच्या आत ठेवावा, असे जे आता सांगतात, ते अशाच संशोधनाच्या बळावर.

ही छुपी चरबी येते कोठून? तिचा शोध पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात लागला. तेथील स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची मुले सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडातील साउथॅम्प्टनची मुले ३.५ किलोची. पुण्याकडील मुलांचे स्नायू बारीक, पोटातील इंद्रिये लहान. पण पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत. म्हणजे तराजूवर कृश ठरलेले मूल आतून स्थूल होते! ज्या बाळास आम्ही ‘वाळके’ म्हणून दुधातुपाने भरवून जाड करू पाहतो, त्याच्या शरीराची घडण जन्मापूर्वीच ठरलेली असते, आणि पुढे झपाट्याने वाढविलेले वजन त्यास मधुमेहाच्या वाटेस लावू शकते.

ह्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आईने एकंदर किती कॅलरी किंवा किती प्रथिने घेतली, त्याच्याशी बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराचा संबंध दिसून आला नाही. संबंध दिसला तो गरोदरपणी तिला दूध, पालेभाज्या व फळे किती वेळा मिळाली ह्याच्याशी. डॉ. कॉर्निश १८७७ साली जे सांगत होते त्यास असा एका वेगळ्याच बाजूने, सव्वाशे वर्षांनी, पुरावा मिळाला. शिवाय सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. ते वनस्पतिजन्य पदार्थांत मिळत नाही. शाकाहारी मनुष्यास ते दूध, दही, ताक ह्यांतूनच मिळावयाचे. आईच्या रक्तात फोलेट अधिक आणि ब-१२ कमी, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम न करण्याची चिन्हे सर्वांत अधिक दिसली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. (ह्यावरून कोणी गरोदरपणातील फोलिक आम्लाच्या गोळ्या बंद करू नयेत; त्यांची गरज निराळ्या कारणाने सिद्ध झालेली आहे.)

आमच्या घरांतील रीत पाहिली म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ कळतो. सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले घेऊन बसणारी, दूध मुलांसाठी राखणारी, संकष्टी, गुरुवार आणि एकादशी करणारी ती घरची सून. तिच्याच शहरी धाकट्या बहिणीने आता दूध ‘जाड करते’ म्हणून सोडले आहे आणि तूप तर पाहतही नाही. एकीस मिळत नाही, दुसरी घेत नाही. तराजूवर दोघींचे कौतुकच होईल.

खेड्यांतील अभ्यासात जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांतील काहींस लग्नापूर्वीच रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग त्याच संशोधकांनी हाती घेतला. एवढी मात्रा म्हणजे चिमटीतही न सापडणारी. त्या मुलींपैकी पुष्कळजणी आता आया झाल्या आहेत आणि त्यांच्या बाळांच्याही नोंदी झाल्या आहेत: जन्माचे वजन, आणि त्याच्या जोडीने नाळेतील रक्ताची तपासणी.